मेन स्विच आणि अर्धं जळालेलं जहाज

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (खरं तर बसूनच, शनिवारपासून कंबर धरली आहे.) तू कशी आहेस? भाऊजींच्या छातीचे टाके दुखतात का अजून? हे फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि पुढचा मजकूर भाऊजींच्या कानावर पडता कामा नये.

ऑपरेशनला आत नेताना भाऊजींनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, विम्याच्या कागदांचं काही सांगतील. ते म्हणाले, "शनिवारी चार वाजता माझ्या जागी बस. जहाज सांभाळ." ते आणि त्यांचे चार निवृत्त दोस्त (पोस्टमास्तर, बँकवाले वगैरे) गेले सहा महिने कॉम्प्युटरवर अंतराळातली लढाई खेळताहेत, हे तुला ठाऊक आहेच. त्यांचं मुख्य जहाज मागच्या चकमकीत अर्धं जळालं. त्याचं इंजिन दुरुस्त होईपर्यंत वीस मिनिटं पाच जणांनी छोट्या विमानांतून त्याची राखण करायची. ते फुटलं तर सगळा खेळ पहिल्यापासून. मी हो म्हटलं. गुंगीचं इंजेक्शन दिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

शनिवारी साडेतीनलाच तुमच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. पहिली पंधरा मिनिटं बरी गेली, म्हणजे मी कुणाच्या मध्ये आलो नाही. (एकदा आलो. बँकवाल्यांनी माझ्यावरच गोळ्या झाडल्या आणि मग सॉरी म्हणाले.) इतक्यात जहाजाला आतून आग लागली. सगळ्यांत जवळ मी, म्हणून आत मलाच पाठवलं. तारा लोंबताहेत, ठिणग्या उडताहेत. ताई, मी बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. अशा ठिकाणी हात घालण्याआधी आमचा माणूस काय करतो? मेन स्विच बंद करतो. मी तो शोधला आणि बंद केला. 'काम चालू आहे' अशी पाटी लावायलाही शोधत होतो.

आग विझली, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेव. पण जहाजाच्या तोफा आणि बाहेरचं संरक्षक कवचही त्याच स्विचवर चालतं, हे मला कोण सांगणार? हेडफोनमध्ये चौघं एकदम ओरडायला लागले. पोस्टमास्तर किती सभ्य गृहस्थ, पण त्यांनी वापरलेले शब्द मी लिफ्टच्या खड्ड्यातही कधी ऐकले नाहीत. स्विच पुन्हा लावायची कळ शोधण्यात अकरा सेकंद गेले. बाकी सगळं ठीक. तुम्ही दवाखान्यातून घरी येईपर्यंत तुमच्या कुंड्यांना रोज पाणी घालतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : जहाज नवव्या सेकंदाला फुटलं.

ता. क. २ : भाऊजींनी विचारलं तर "थोडे पोचे आलेत, पण जहाज शाबूत आहे" एवढंच सांग. टाके निघेपर्यंत त्यांचा फोन तुझ्या पर्समध्ये ठेव. पोस्टमास्तरांच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. ३ : भाऊजी, ताईच्या नावाची पाकिटं तुम्हीच फोडता, हे आत्ता डिंक लावताना आठवलं. जहाज माझ्या हातून गेलं. फार वाईट वाटतंय. पण दोस्तमंडळी म्हणतात, तुमच्याशिवाय नवा डाव मांडायचा नाही. म्हणजे पुन्हा सहा महिने. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही ताईला कपाटाच्या चाव्या एकेक करून समजावून दिल्यात, ते मला मुळीच आवडलं नव्हतं. आता निदान सहा महिने तुम्हाला कुठेही जाता येणार नाही.