दोष पत्र्यात की वळणात?

५ जानेवारी

यादव सरांनी आज अख्ख्या लॅबसमोर माझं नाक कापलं!

दीपमाला मॅडमच्या पीएचडीसाठी काचेचा पन्हाळ मीच बांधलाय. एका अंगाला वाकवलेला पत्रा. पाणी जोरात सोडायचं, पत्र्यालगत सुईने लाल रंग सोडायचा आणि रंगाची रेघ कशी जाते ते बघत बसायचं. मोठ्या माणसांचे खेळ! पत्रा खोलगट आहे तिथे रेघेची नुसती खिचडी. विभागप्रमुख यादव सर म्हणाले, "पत्राच नीट बसलेला नाही. केरूचा हात आता थरथरतो. पुढचं काम बाहेर द्या."

बत्तीस वर्षं फिटिंग केलं. मे महिन्यात रिटायर होणार, आणि जाताना हे सर्टिफिकेट!

६ जानेवारी

पत्र्यावरून दहादा नख फिरवलं. कुठेही अडकत नाही.

८ जानेवारी

मॅडम माझ्या बाजूने. म्हणाल्या, "मामा, पेठच्या घाटात एसटी वळली की आपण बाहेर फेकले जातो ना? वेगाचं पाणीही तसंच. खोलगट भिंतीवर जाऊन आदळतं, तिथलं संथ पाणी ढवळून काढतं. फुगीर भिंतीपासून लांब पळतं, म्हणून तिथे शांत. पण वळणाने एवढा फरक पडतो हे सर मानतील कसे?"

९ जानेवारी

सुचलं! सायकलचं चाक डगमगलं की आपण ते उलटं बसवून बघतो — दोष चाकात की ते धरणाऱ्या चिमट्यात. तोच पत्रा, तीच बाजू, नुसता उलटा वाकवायचा. खोलगट होतं ते फुगीर. पत्रा खराब असेल तर खिचडी तिथेही होणारच!

घरी बायकोला, सविताला समजावत बसलो. आमटी गार झाली. "तुमच्या पाण्याला वळण लागू द्या, आधी जेवा," म्हणाली.

१२ जानेवारी

वाकवला. जीव मुठीत धरून.

१३ जानेवारी

जिंकलो!! लाल रेघ शहाण्या बाळासारखी सरळ गेली. सर तीनदा वाकून बघून गेले. मग म्हणाले, "हं." बस्स! पण त्या "हं"वर मी आठवडाभर जगेन. मॅडम तर उड्याच मारत होत्या. पुढचे चार पत्रेही मीच बसवायचे!

१५ जानेवारी

सरांना तीळगूळ दिला. "गोड बोला"वर जरा जास्तच जोर दिला. हसले बिचारे.

१७ जानेवारी

सविताला म्हटलं, आता तरी पूर्ण कपभर चहा दे, जिंकलोय मी. दिला. निम्मा सदऱ्यावर! ती फडक्याने पुसत हळूच म्हणाली, "दिवाळीपासून अर्धाच भरते मी. सांडतं ना तुमच्या हातून."

आणि मला वाटायचं, दूध वाचवतेय.

सर पत्र्याबद्दल चुकले होते. हाताबद्दल नाही. चार पत्रे बाकी आहेत. मॅडमना मलाच सांगावं लागेल. भीती वाटते.