काळ्या टोपीच्या खंड्याची कच्ची नोंद

बाबा, तुमच्या त्या नागपूरच्या पोरीला परवा मी खरं सांगून टाकलं. आता तिला पोरगी म्हणायची सोय राहिली नाही. केस पिकलेत, गुडघे दुखतात, तळ्याच्या बांधावर चढताना तिने माझाच हात धरला. पण माझ्या मनात ती अजून दोन वेण्यांची, तुमची दुर्बीण गळ्यात अडकवून तुमच्या पुढे चालणारी तेरा वर्षांची मुलगी आहे. पन्नाशी उलटली तरी मी तिच्यावर जळते. हे आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडलं नाही, म्हणून आता कागद घेऊन बसले आहे.

हिवाळा लागला की पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरमध्ये पक्षी पाहणारे पाहुणे यायचे. कोणी कलकत्त्याचे, कोणी पुण्याचे, एकदा तर एक गोरा म्हातारा आणि त्याची बायको. गळ्यात भारी दुर्बिणी, खिशात वह्या. आई पहाटे उठून आलूपोहे करायची आणि तुम्ही एकेकाला स्कूटरवर बसवून प्लांटच्या मागच्या तळ्यावर पोचवायचात. बदकं कुठे उतरतात, घुबड कोणत्या झाडात बसतं, सगळं तुम्हीच दाखवायचात. आणि हे लोक दोन दिवसांत नेमकं असं काहीतरी पाहून जायचे, जे तुम्ही बारा महिने इथे राहून पाहिलेलं नसायचं. मग पक्षीवाल्यांच्या पत्रिकेत दुर्मिळ नोंद म्हणून त्यांचं नाव छापून यायचं, आणि तुमचं आलंच तर खाली आभारात. तो अंक वाचून झाला की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचात. "पाहुणे येऊन पाहून राहिले, अन् मी इथं काय झक मारून राहिलो?" आई मान वर न करता म्हणायची, "पोहे थंडे होऊन राहिले." तुम्हीही जळायचात, बाबा. मी तुमच्यावरच गेले आहे.

तरी तुमच्या वहीत खोटी ओळ कधी आली नाही. प्लांटमध्ये पाळी बदलताना चार्ज देणारा आणि घेणारा, दोघांची सही झाल्याशिवाय लॉगबुक पुढे सरकत नसे, आणि तुम्ही जन्मभर त्या लॉगबुकांचे कारकून. तोच कायदा तुम्ही पाखरांना लावलात. दोघांनी पाहिलं तर पक्की नोंद, शाईने. एकानेच पाहिलं तर कच्ची, पेन्सिलने, मग तो एक तुम्ही स्वतः का असेना. कच्ची नोंद पत्रिकेला पाठवायची नाही. तुमच्या स्वतःच्या कितीतरी ओळी पेन्सिलमध्ये पडून होत्या आणि तुम्ही त्या तशाच पडू दिल्या. पाहुणे हसायचे या कायद्याला. त्यांच्यात असं काही नव्हतं.

ती नागपूरची पोरगी म्हणजे दुर्गच्या रेल्वेतल्या तुमच्या मित्राची भाची. नाताळच्या सुट्टीत मामाकडे यायची आणि रविवारी तो तिला आपल्याकडे सोडून जायचा. तोवर दुर्बीण तुमच्यानंतर माझ्याकडे यायची. ती आली आणि माझा नंबर तिसरा झाला. प्लांटमधल्या एका बाजूने कोऱ्या कागदांची तुम्ही तिला वही शिवून दिलीत, पट्टीने रकाने आखून, पक्षी, जागा, कोणी पाहिला. मलाही हवी म्हटलं तर म्हणालात, "तुले काय करायची? तू तं घरचीच आहेस." घरचीच. हा शब्द मी किती वर्षं चघळला असेल, तुम्हाला कल्पना नाही. दुसऱ्या वर्षी मी घारीला गरुड म्हणून ओरडले तेव्हा तिच्यासमोर बोललात, "बोलाच्या आधी पाहत जाय जरा. हे पोरगी पाह्य, कशी चूप राह्यते." ती खाली बघत होती. मला वाटलं, गालातल्या गालात हसते आहे. हसत नव्हती हे आज कळतं, पण त्या वयात कोण इतकं बघतं?

आणि मग ती सकाळ. थंडी कडक आहे, तळ्यावर वाफ आहे, पलीकडे प्लांटची धुराडी अर्धीच दिसताहेत. तुम्ही मागे राहिला आहात, मासे धरणाऱ्या केवटाशी छत्तीसगढीत गप्पा चालल्या आहेत. आम्ही दोघी बांधावरून पुढे. पाण्यातल्या वाळक्या खुंटावर एक खंड्या बसला आहे. मी रोजचा पांढऱ्या छातीचा समजून पुढे निघते तर ती माझी बाही धरते. दुर्बीण लावते, श्वास रोखते, आणि मग काय करते माहीत आहे? दुर्बीण काढून माझ्या हातात देते. "पाह्य. लवकर पाह्य." मी पाहते. डोकं काळंभोर, जसं काजळ. मानेभोवती पांढरी पट्टी, पाठ जांभळट निळी, पोट विटकरी, चोच लालभडक. समुद्रकाठचा, खाडीतला पक्षी, इथे समुद्रापासून इतक्या आत त्याचं काय काम? तुमच्या पुस्तकात त्याच्या चित्रापाशी तुम्ही खूण करून ठेवली होती, ती मला ठाऊक होती. इतकं नीट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मग तो उडाला, पंखांवर पांढरे डाग दाखवत, सरळ पलीकडच्या बाभळींत.

तिने तुम्हाला हाक मारली. तुम्ही धावत आलात, एक चप्पल चिखलात रुतून राहिली. तिने सांगितलं, न अडखळता, सगळ्या खुणांसकट. तुमचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. असा चेहरा तुम्ही माझ्या कुठल्या निकालाला केला नव्हता. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुले दिसला का?" एवढंच. माझ्या एका 'हो'वर पक्की नोंद होती. पत्रिकेत पहिल्यांदाच या तळ्याची बातमी तुमच्या हातून गेली असती, पाहुण्यांच्या नाही. आणि तिचं नाव आधी आलं असतं. मी म्हटलं, "नाही. मले तं पांढऱ्या छातीचाच दिसला." तिने माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या चिखलाच्या पायाकडे पाहिलं. तुम्ही एकदाही "नीट आठव" म्हणाला नाहीत. घरी येऊन टेबलाशी बसलात, पेन्सिलला टोक काढलंत आणि ओळ लिहिलीत. आईने पोहे आणून ठेवले, ते तुम्ही तसेच ठेवलेत.

पुढच्या वर्षी तिच्या मामाची बदली झाली आणि तिचं येणं बंद पडलं. तुम्ही मात्र तो खंड्या शोधत राहिलात. दर हिवाळ्यात, दर रविवारी, त्याच बांधावर. आता दुर्बीण माझ्याकडे असायची, कारण तुमची नजर उतरत चालली होती. मी कॉलेजात गेले, लग्न होऊन इथेच कोहक्याला आले, तरी रविवारी तुमची स्कूटर दारात हजर. "चाल, एक चक्कर मारून येऊ." पुढे स्कूटर मी चालवायला लागले आणि तुम्ही मागे बसून रस्त्याच्या तारांवरचे पक्षी मोजायचात. बांधावर मिळेल त्या दगडावर बसून आपण चहा प्यायचो, आणि तुम्ही मला प्लांटच्या, तुमच्या वडिलांच्या, आईशी लग्न ठरलं त्या दिवसाच्या गोष्टी सांगायचात. खंड्या आला नाही. तुम्हीही गेलात.

यंदा तो पुन्हा आला. बाहेरून आलेल्या पाच-सहा जणांनी लांबलचक कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो काढले आणि ते फोनवर सगळीकडे फिरले. माझ्या लेकीने दाखवला, "मम्मी, देखो ना, अपने तालाब का है!" खाली लिहिलं होतं, या भागातली पहिली नोंद. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोन उपडा ठेवला. पुन्हा पाहुणेच! आठवड्याभरात नागपूरहून तिचा फोन आला. ती आता कॉलेजात शिकवते, पक्ष्यांच्या जुन्या नोंदी गोळा करते. तुम्ही शिवून दिलेली वही तिने जपून ठेवली आहे, रकान्यांसकट. माझ्याकडे आली, नेहरू नगरातून मिठाई घेऊन, माहेरी आल्यासारखी. दुसऱ्या सकाळी आम्ही तळ्यावर गेलो आणि तिने विचारलं, "तुले दिसला होता ना त्या दिवशी?"

मी हो म्हटलं. वाटलं होतं, चिडेल. ती बांधावर बसली आणि गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं. दुर्बीण तं मीच देली होती."

"मंग बाबाले सांगितलं कावून नाही तेव्हाच?"

"काय सांगू? काकानं तुले एकदा विचारलं, तू नाही म्हटलं, अन् मानलं. मी एवढं सारं सांगितलं होतं तरी तुयं एक नाही जास्त झालं. मी घरी जाऊन लय रडली, माहीत आहे? म्हटलं, आपण शेवटी पाहुणीच."

तिने पिशवीतून त्या जुन्या नोंदीचा, पत्रिकेला पाठवायचा कागद काढला. तिच्या कागदावर, दुसरा पाहणारा लिहिलं होतं तिथे, मी सही केली. कागद आता पुढे जाईल, त्या कॅमेरेवाल्यांची पहिली नोंद दुसरी होईल. तुम्ही स्वतः तो पाहिला नव्हतात, म्हणून तुमचं नाव त्यात कायद्याने कुठेच नाही. तिने आभारात घालते म्हटलं. मी भांडून ते तळटीपेत घ्यायला लावलं, ज्या वहीत ती पेन्सिलची ओळ आहे, तिच्या मालकाचं म्हणून.

हे पत्र कुठे टाकायची सोय असती तरी मी टाकलं नसतं. तुम्ही निराश होऊन बांधावरून उतरायचात, "पुढच्या रविवारी पाहू" म्हणायचात, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद व्हायचा, बाबा. पुढचा रविवारही माझा झाला म्हणून. तिला सही दिली ती दिली, पण तुम्ही उद्या एका पायाने अनवाणी, धापा टाकत येऊन विचारलंत, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.