हरणीच्या तोंडातला घास

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खुबा आज फारच दुखला. पाठीवर दहा किलोची मिठाची लादी, गुडघाभर बर्फ, आणि वरचा माळ अजून अर्ध्या तासावर! हरणांसाठी मीठ वरच ठेवायचं, रस्त्यापासून लांब — आमच्या शिकारी संघाचा नियम. नवीन पोरांना तो मीच शिकवतो! पण वळणाजवळच्या खुंटावर टेकलो आणि उठवेना. लादी तिथेच ठेवून आलो. रस्ता साठ पावलांवर. बर्फ वितळला की नेतो वर.

संघाच्या वहीत लिहिलं: ‘मीठ — वरचा माळ’.

१६ मार्च, रविवार

खुंटाभोवती सात हरणं! स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण लावली की दिसतात. माझी बायको येल्का म्हणाली, “हरणंसुद्धा तुझ्यासारखी आळशी झाली की रे, चढायला नको!” हसलो.

बर्फ जवळजवळ गेलाय. पुढच्या आठवड्यात नक्की.

३१ मार्च, सोमवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

काल घड्याळं तासभर पुढे केली. नेझा टपालाची पिवळी गाडी घेऊन नेहमीच्याच वेळेला निघाली, पण उजेड तासभर उशिरा. हरणं मिठाला येतात नेमकी तीच वेळ. वळणावर हरणी आडवी आली. गाडी थेट झाडावर.

संघाचा प्रमुख बोगोमिर, त्याचा फोन आला. रस्त्यावर जनावर मेलं की उचलायला मीच जातो. पोचलो तेव्हा नेझाला स्ट्रेचरवर घेत होते. पाय दोन ठिकाणी मोडलाय. मला बघून म्हणाली, “विंकोकाका, कुठून आली कळलंच नाही हो!” मला ठाऊक होतं कुठून आली.

हरणी भरलेली होती. पोटात दोन पिल्लं.

देवदाराची डहाळी मोडली आणि तिच्या तोंडात ठेवली — शेवटचा घास. बोगोमिर वैतागला. “अरे, गाडीखाली आलेल्याला घास देतात होय? शिकाऱ्याने मारलेल्याला देतात. ज्याने मारलं त्याने द्यायचा!”

माहीत आहे मला. म्हणूनच दिला.

१ एप्रिल, मंगळवार

उरलेली लादी वरच्या माळावर नेली. नऊ वेळा बसलो, पण नेली. म्हणजे नेता येत होती!

५ एप्रिल, शनिवार

खानावळीत सगळ्यांची तोंडं सुटलेली. “नेझा गाडी चालवते कुठे, उडवते!” “वर्षभर सांगतोय तिला!” मी ग्लासात बघत बसलो. एकदाही म्हटलं नाही की गप्प बसा रे.

मग बोगोमिरने टपाल कचेरीचा कागद काढला. चूक नेझाची ठरली तर तिची गाडी जाणार, म्हणजे नोकरीच गेली. २५ तारखेला संघाच्या खोलीत चौकशी. कागदावर आम्हाला एक प्रश्न: जनावरं रस्त्याकडे ओढली जातील असं काही जवळपास होतं का? चारा, मका, मीठ?

“विंको, तो भाग तुझा. काय लिहू?”

“काही नव्हतं,” म्हणालो. सही केली. माझं नाव इतकं स्वच्छ अक्षरात कधी आलं नव्हतं.

एकतीस वर्षं राखणदाराचा बिल्ला छातीवर आहे. तो काढून द्यावा लागेल, म्हणून. दुसरं काही कारण नाही. निदान इथे तरी खोटं नको.

९ एप्रिल, बुधवार

वळणाच्या खांबांवरच्या निळ्या काचा पुसायला गेलो होतो. गाडीचा उजेड त्यांच्यावरून रानात फेकला जातो, जनावर बिचकून थांबतं. पुसता पुसता खुंटाकडे नजर गेली. ताजे खूर! पावसाने मीठ खुंटात मुरलंय. लाकूड चाटून चाटून गुळगुळीत केलंय त्यांनी.

मीठ मुरतं हे मला माहीत नव्हतं? होतं की! मी लादी हलवली आणि स्वतःची समजूत घातली, दुसरं काय.

१२ एप्रिल, शनिवार

कुऱ्हाड, पहार, फावडं. खुंट मुळासकट काढला. येल्का कुंपणाशी येऊन उभी राहिली. “आता बरा खुबा दुखत नाही तुझा?”

मी अवजारं गोळा करत राहिलो.

१४ एप्रिल, सोमवार

आता खड्ड्यातली माती चाटतात!

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

येल्काने ईस्टरचा अक्रोडाचा केक, पोतित्सा, बांधून दिला आणि म्हणाली, “नेझाला देऊन ये. तूच जा.” गेलो.

पाय उशीवर, प्लास्टर मांडीपर्यंत. मला बघून केवढी खूश झाली! दोघांसाठी केक कापला. मग एकदम म्हणाली, “काका, तिच्या पोटात दोन होती ना? सांगितलं मला कोणीतरी.”

मान हलवली.

“मी सारखी आठवून बघते, काटा कितीवर होता. कधी पन्नास दिसतो, कधी सत्तर. सगळे म्हणतात म्हणजे वेगात असेनच मी. शुक्रवारी सांगून टाकते, माझीच चूक. किती दिवस डोकं फोडून घ्यायचं?”

बोल, विंको, बोल! घास तसाच तोंडात.

“आणि तुम्ही तिला घास दिलात म्हणे. रीत नसताना. माझ्या वतीने दिलात ना? फार बरं वाटलं ऐकून.”

घरी आलो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

२३ एप्रिल, बुधवार

आज सकाळी खड्ड्यापाशी तीन. एक भरलेली. दगड मारून हाकलल्या. एकटा किती वेळ हाकलत बसणार? माती खोल उकरून न्यायला हवी, वळणावर तोवर गाड्या हळू करायला हव्यात. कोणाला सांगायचं तर आधी सगळंच सांगावं लागेल.

येल्का दारात उभी होती. “खिडकीतून मलाही दिसतं, विंको. सात दिसायची तेव्हापासून दिसतं.” एवढंच बोलली आणि आत गेली.

२५ एप्रिल, शुक्रवार

बोगोमिर, संघाची वही घरी ठेवली आहे, तिच्यात खोटं आहे. तुझ्या पुढ्यात आत्ता ठेवलीय ती ही माझी रोजची वही. बिल्ला पानात आहे. २७ फेब्रुवारीपासून वाच आणि मोठ्याने वाच — नेझा मागच्या बाकावर बसली आहे, तिला ऐकू गेलं पाहिजे.