सहा सिलिंडरची गुलाबी

वेसावा कोळीवाडा, अंधेरी
८ जुलै २०२५

चि. नेत्रा हीस आजी सखुबाईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहितेय कारण फोनवर तू बोललेलं मला ऐकू येत नाही, आणि मी बोललेलं सगळ्या गल्लीला ऐकू येतं. दापोलीच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवतेस ते ठीक, पण जेवतेस ना? फोटोत तुझ्या गळ्याची हाडं दिसतात असं तुझी आई म्हणाली.

इथे मासेमारी बंद. बोटी वर काढल्यात, रंगकाम चाललंय, आणि तुझ्या बापाच्या अंगात आलंय. हरेश्वर म्हणतो, यंदा आपली बोट पांढरी-निळी करायची, सगळ्यांसारखी. आपल्या गुलाबी बोटीला बंदरावर बर्फाचा गोळा म्हणतात म्हणे. मी म्हटलं, गोळा तर गोळा, ओळखू तर येतो. एवढ्या बोटी खाडीत शिरतात, त्यात आपली कुठली ते मला ओट्यावर बसून कळायला पाहिजे. पांढऱ्या-निळ्यात काय शोधू, कपाळ? तो ऐकत नाही. तू शिकलेली आहेस, बापाला काहीतरी सांग.

लोभ असू दे. नसला तर पत्र तरी असू दे.
सखुबाई


दापोली
१४ जुलै २०२५

ती. आजीस नेत्राचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जेवते, भरपूर जेवते. हाडं फक्त आईलाच दिसतात.

बाबांशी बोलले. एक ऑनलाइन चित्रस्पर्धा आहे, परदेशातली. जगभरातून लोक रंगांचं काम पाठवतात. कागद, कापड, माती, काच, काहीही चालतं, रंग मात्र बोलला पाहिजे. मी माझं चित्र पाठवतेच आहे. मग वाटलं, आपल्या बोटीइतकं रंगीत घरात दुसरं काय आहे? बाबांना म्हटलं, बोट गुलाबी राहिली तर तिचा फोटो परदेशात जाईल. लगेच विरघळले. फोटोत मी पण उभा राहू का, असं विचारत होते. रंग तू सांगतेस, म्हणून फॉर्मवर कलाकार म्हणून तुझं नाव टाकते. एक मीडियमचा रकाना आहे, तिथे काय लिहू ते कळव.

आता तुझं. तुझं अक्षर पापलेटएवढं झालंय आणि ओळी उतरत उतरत कागदाबाहेर चालल्यात. आई म्हणते, परवा तू चप्पल समजून मांजरात पाय घातलास. डोळे दाखव म्हटलं की तू विषय बदलतेस. म्हणून पैज लावू या. बोटीला बक्षीस मिळालं तर तू मुकाट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नाही मिळालं तर मी पुन्हा डोळ्यांचं नाव काढणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी नेत्रा


वेसावा
२२ जुलै २०२५

चि. नेत्रा हीस आशीर्वाद. वि. वि.

मांजर काळं, चप्पल काळी, त्यात डोळ्यांचा काय दोष? सांगणारीला बघते मी.

पैज लागली. कोळणीच्या बोटीला बक्षीस द्यायला ते लोक काय रिकामे बसलेत? म्हणूनच बिनधास्त हो म्हणते. शेजारची विमला गेली होती डॉक्टरकडे. डोळ्याला पट्टी बांधून आली आणि महिनाभर सून सांगेल तशी वागली. मला ते जमायचं नाही.

तू मीडियम विचारलंस. मीडियम कशाला लिहितेस? दोन-तीन सिलिंडरच्या इंजिनवाल्या बोटी मीडियम. आपली सहा सिलिंडरची आहे. तसंच लिही, कमी लिहू नकोस.

बोट रंगवून झाली. खंडू रंगाऱ्याने गुलाबी कालवला तो मला फिकट वाटला. म्हटलं, अजून टाक. तरी फिकट. अजून टाक. शेवटी त्याचा डबा संपला तेव्हा कुठे जरा बरा दिसला. कडेला काळा पट्टा हवा होता, त्याचा डबा मी स्वतः उचलून दिला. खंडू पुटपुटला की मावशी, हा जांभळा आहे. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी बोटी बघते, तू ब्रश चालव. चालवला. हरेश्वर बाजूला उभा राहून खोकत होता. खोकत होता की हसत होता, कोण जाणे. फोटो तोच पाठवेल.

लोभ ठेव, पण पैजेचा हट्ट ठेवू नकोस.
सखुबाई


दापोली
१० सप्टेंबर २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

आधी खाली बस. आपल्या बोटीला विशेष उल्लेख मिळाला.

मीडियम म्हणजे माध्यम गं आजी, काम कशावर, कशाने केलं ते. पण तुझं उत्तर मला खोडवेना. तसंच लिहून पाठवलं. परीक्षकांनी कळवलंय की तैलरंग आले, लोकर आली, काच आली, सहा सिलिंडर हे माध्यम मात्र आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. गुलाबीचं तर फारच कौतुक केलंय. पट्ट्याबद्दल काय लिहिलंय ते मी आत्ता सांगणार नाही. डोळ्यांचा इलाज झाला की बंदरावर जा आणि स्वतः बघ.

विशेष उल्लेख म्हणजे बक्षीस नव्हे, असं तू म्हणणार, म्हणून आधीच सांगते. बाबांनी कोळीवाडाभर पेढे वाटलेत. ते आता परत घेता येत नाहीत. डॉक्टरची वेळ आईने ठरवलीय.

माझ्या चित्राचं नाव कुठेच आलं नाही. आपल्या भिंतीवर समुद्राचं आहे ना, त्याचाच फोटो पाठवला होता. असो. घरात एक तरी कलाकार निघाली.

शिव्या पोस्टाने पाठव, आशीर्वाद त्यातच गुंडाळ.
नेत्रा


वेसावा
४ ऑक्टोबर २०२५

चि. नेत्रा हीस आशीर्वाद. वि. वि.

मोतीबिंदू होता. उजवा डोळा झाला, डावा दिवाळीनंतर. सध्या तुझी आई थेंबांची बाटली घेऊन माझ्या मागे फिरते आणि मी सून सांगेल तशी वागते. विमला रोज बघायला येते. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पट्टी निघाली आणि हरेश्वर मला बंदरावर घेऊन गेला. आपली बोट समोरच लागली होती. उजवा डोळा झाकला आणि जुन्या डोळ्याने बघितलं, तर बेताचा गुलाबी आणि काळा पट्टा, मी सांगितला तसा. मग डावा झाकला आणि नव्या डोळ्याने बघितलं. अगं आई गं. गुलाबी असा की शेजारच्या बोटी विटलेल्या वाटाव्यात. आणि पट्टा चक्क जांभळा, पिकल्या जांभळासारखा. पुन्हा हा झाकला, पुन्हा तो झाकला. बंदरावरच्या लोकांना वाटलं, म्हातारी डोळे मारतेय.

खंडूला बोलावून विचारलं, बोलला का नाहीस? म्हणतो, मावशी, बोललो होतो. जुलैपासून सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं, पण मला सांगायची कोणाची छाती झाली नाही. बरं आहे, घाबरू देत. हरेश्वर आता म्हणतो, पुढच्या वर्षीही हाच रंग, आणि आईने काळा मागितला तरी द्यायचा नाही. खंडूला तसं बजावून ठेवलंय त्याने. मी पण हो म्हटलं, बोट दिसते छान.

घरी येऊन तुझं भिंतीवरचं चित्र बघितलं. इतके दिवस मी ते कॅलेंडर समजत होते. येणारे पाहुणे म्हणायचे छान आहे, मला वाटायचं महिना छान आहे. आता नव्या डोळ्याने बघितलं, अगदी जवळ जाऊन. हात चांगला आहे तुझा, लाट खरी वाटते. पण पाणी फिकट आहे गो. आणि आता माझ्या डोळ्यांवर ढकलू नकोस.

पुढच्या वर्षी पुन्हा पाठव. लोभ आहेच, त्याची काळजी करू नकोस. रंग तेवढा अजून टाक.
सखुबाई