स्क्रीनच्या कडेकडेनं

४ मार्च

सत्तावीस टक्के. तासाभरापूर्वीही सत्तावीसच होते! स्क्रीनवर एक गोल गरगरतोय आणि खाली लिहिलंय – कॉम्प्युटर बंद करू नका. बंद कशाला करू? मला तो खिडकीतून खाली टाकावासा वाटतोय.

बाबा शेजारी उभे. "चाललं होतं ना नीट? मग कशाला हात लावलास?" पुन्हा पुन्हा तेच. महिनाअखेरीपासून जुन्या सिस्टिमवर व्हिडिओ कॉल चालणार नाही, अशी सूचना रोज येत होती. बाबा रोज तिला हाकलून मोकळे व्हायचे.

आणि कॉल बंद पडून चालणारच नाही. आई गेल्यावर दादाने अटच घातली होती – रोज सकाळी नऊला बाबांनी स्वतःच्या हाताने त्याला कॉल लावायचा. ते जमेनासं झालं की एकटं राहणं बंद, इथे कुलूप, आणि बाबा त्याच्या शहरात, त्याच्या घरी. बाबांना हे घर सोडायचं नाही. मलाही ते इथेच हवेत. म्हणून हा खटाटोप.

५ मार्च

'जागा अपुरी आहे.' अर्ध्यावर आल्यावर सांगतात! आधी काय तोंड शिवलं होतं?

७ मार्च

दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून लोकांना "पाचच मिनिटं हं" सांगते. आज संध्याकाळी कॉम्प्युटरने मला तेच सांगितलं, सात वेळा. लोक माझ्याकडे असे खाऊ की गिळू का बघतात ते कळलं.

जुने फोटो हलवून जागा केली. मग पासवर्ड मागितला. बाबांनी घडाघडा सांगितला, मधले आकडे आणि चिन्हांसकट. मला माझा स्वतःचा आठवत नाही! पुन्हा टक्के सुरू. सत्तावीसला माझा श्वास अडकला. गेलं पुढे! झालं एकदाचं!

मग मला राहवेना. बाबांचा स्क्रीन म्हणजे नुसता गबाळ कारभार – एक चिन्ह या कोपऱ्यात, दुसरं त्या, कॉलचं तर पार खाली उजवीकडे, आणि मधे मोकळं मैदान. सगळी मधोमध आणली, ओळीत लावली, मोठी केली. "बघा बाबा, कसं लख्ख झालंय!" बाबा नुसतं "हं" म्हणाले. कौतुक करायची पद्धत आमच्या घरात नाहीच.

८ मार्च

कॉल गेला नाही!! साडेनऊला दादाचा फोन, मी ऐन गर्दीत. म्हणाला, "बाबांना साध्या फोनवर गाठलं. विसरलो म्हणाले."

"अपडेट झालंय रे. त्यामुळे गोंधळले असतील."

"तुझं आपलं अपडेट! ते विसरायला लागलेत. कॉलवर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, नजर भलतीकडेच. तुला दिसत नाही का?"

मला दिसतं. मला वाटायचं, तो बाबांचा ताठा आहे. माझ्याशी बोलतानाही ते जरा बाजूलाच बघतात. कॉल नीट लावून दाखवायला दादाने बारा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. हातून दोन अपॉइंटमेंट चुकीच्या पडल्या, डॉक्टर ओरडले.

९ मार्च

सकाळीच बाबांकडे गेले. म्हटलं, लावा कॉल, मी नुसती बघते.

बाबांनी माउस सरळ खाली उजव्या कोपऱ्यात नेला. क्लिक, क्लिक. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा क्लिक. मी चिडले. "अहो बाबा, समोर आहे! चांगलं बशीएवढं केलंय! मधोमध बघा ना!"

"मधोमध मला काही दिसत नाही गं."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मला वाटलं कंटाळून बोलतायत. मग कळलं.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. दोन्ही डोळ्यांचा. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, परत येत नाही. कडेकडेचं दिसतं. म्हणून सगळी चिन्हं कडेला. म्हणून माणसाकडे बघायचं तर बाजूला बघायचं. आणि मी तो सगळा संसार उचलून नेमका मधल्या अंधारात मांडला, वर मोठा करून!

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दादाला सांगितलं असतंस. विसराळू म्हटलेलं चालतं मला. विसराळू माणसाची वर्षभर तरी समजूत घालत बसतात. आंधळ्याला दुसऱ्या दिवशी घेऊन जातात."

मी रडले. बाबा म्हणाले, "आधी ती चिन्हं जागेवर लाव, मग रड."

१० मार्च

चिन्हं जागेवर. पण नव्या कॉलचं बटण मेलं मध्येच उगवतं, हलता हलत नाही. शेवटी कीबोर्डवर बसवलं – कोपऱ्यातली कळ दोनदा, मग एंटर. बाबांनी एकदा ऐकलं आणि करून दाखवलं. एकदा! डोकं किती तल्लख आहे या माणसाचं. दादाला काय कळतंय!

११ मार्च

जिवाची नुसती घालमेल. दवाखान्यातून चार वेळा बाबांना फोन केला. चौथ्यांदा म्हणाले, "तुझ्या डॉक्टरांना सांग, तुझीच दाढ काढा, शांत बसशील."

१२ मार्च

रजा टाकली. नऊला मी मुद्दाम कॅमेऱ्याच्या मागे उभी. बाबांनी कॉल लावला. पहिल्या झटक्यात! मी त्यांना शिकवलं होतं की दादाचा आवाज येईल तिथे मान वळवा, बाकी काही शोधू नका. दादा म्हणाला, "आज माझ्याकडे बघताय की बाबा!" हवापाण्याच्या, नातवाच्या परीक्षेच्या गप्पा झाल्या. शेवटी मी पुढे आले, तेव्हा मला म्हणाला, "तुझंच खरं. अपडेटच होतं." जिंकलो! मी बाबांना मिठी मारली. आमच्याकडे तीही पद्धत नाही.

निघताना बाबा खुशीत म्हणाले, "थांब, सोडतो तुला घरी." आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

मला वाटलं थट्टा करतायत. "तुम्ही गाडी चालवता? अजून?"

"लांब नाही गं. बाजार, बँक, तुझं घर. रस्ता पाठ आहे मला."

"आणि मधे कोणी आलं तर?"

किल्ली बाबांच्या हातात तशीच. खाली जाऊन पाहिलं, तर डावीकडचा पत्रा टोकापासून टोकापर्यंत खरवडलेला. दिव्याची काच नाही. काय घासलं, कधी घासलं, बाबांना सांगता येईना. "कुठला तरी खांब असेल," म्हणाले. खांबच असेल. देवा, खांबच असू दे.

१३ मार्च

दादाला मी फोन केला. बाबांच्या समोर बसून, लपून नाही. डोळ्यांचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, कालचा कॉल आम्ही दोघांनी मिळून बसवला होता तेही सांगितलं. तो रविवारी न्यायला येतोय. बाबा ऐकत होते. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "तो कॉम्प्युटर तू घेऊन जा. चांगला चालतोय आता."