वाढत्या अंगाची सायकल

प्रिय लिसांद्रोदादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार, आईचा आशीर्वाद आणि पार्मेनिओ खाटकाची आठवण. (तो म्हणाला, "त्याला चार शिव्या लिही." मी आठवण लिहिली. अर्थ तोच.) आई ठणठणीत आहे. सकाळी कोंबड्यांना रागावते, दुपारी मला, आणि संध्याकाळी जपमाळ घेऊन बसली की आमची सगळ्यांची तक्रार कार्मेनमातेकडे करते.

तुझा गुडघा कसा आहे? "बरा आहे" असं कळवायची तसदी घेऊ नकोस, यामिलेने फोनवर सगळं सांगितलं आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सायकल चालवा. म्हणून त्या गुणी पोरीने बापासाठी जागच्या जागी फिरणारी सायकल आणली, आणि तू तिच्यावर पायजमे वाळत घालतोस. रविवारी बोगोताचे रस्ते सायकलवाल्यांसाठी मोकळे सोडतात, तेव्हा तू आठव्या मजल्यावरच्या खिडकीत मी विणलेला लोकरीचा रुआना अंगभर पांघरून बसतोस आणि खालून जाणाऱ्यांच्या चुका काढतोस. "अरे, गिअर हलका कर, छाती फुटेल लेका!" हे तिने मला तुझा आवाज काढून ऐकवलं. मी खूप हसले. मग फोन ठेवला आणि मागावर बसले, तर धोटा किती तरी वेळ हातातच राहिला.

पण ते असो. बातमी अशी की आपल्या घरात सायकल आली! नवी! रेसची! मेंढ्याच्या शिंगांसारख्या वाकड्या हँडलची, लालभडक! लिहितानासुद्धा मी मधूनमधून उठून स्वयंपाकघरात तिला बघून येते आहे. (चुलीपासून लांब ठेवली आहे. आई म्हणते, धुराने रंग जाईल. हीच आई आपल्याला त्या धुरात आंघोळ घालायची.)

तुला माहीतच आहे, कार्मेनमाता वाटेवरच्या सगळ्यांची राखण करते, म्हणून तिच्या सणाला गावातली एकूण एक चाकं टेकडीवरच्या देवळात आशीर्वाद घ्यायला जातात. ट्रक, बस, ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, आणि सगळ्यांच्या पुढे सायकली. आपल्या घरातली सायकल सदैव पहिल्या रांगेत. आधी बाबांची, मग तुझी. तू बोगोताला गेलास, जाताना सायकल विकलीस, आणि तेव्हापासून आई दर वर्षी दारात उभी राहून मिरवणूक बघते. शेवटचा ट्रक गेला तरी तिथेच उभी असते, जणू कुणी मागे राहिलंय. या वर्षी मी ठरवलं, पुरे झालं. सायकल घ्यायची. परवडेल अशी, पण रेसचीच.

सोगामोसो शहरातल्या दुकानात गेले तर तिथल्या माणसाने मला आधी माझ्या मुलासाठी हवी का विचारलं, मग नवऱ्यासाठी. मला दोन्ही नाहीत म्हटल्यावर त्याचा या व्यवहारातला रस संपला. म्हणून फोनवरून मागवायचं ठरवलं. दादा, तिथे सायकलींचा नुसता समुद्र आहे! काहींच्या किमती बघून मी फोन उलटा ठेवला, त्या पैशात आपली गाय, गोठा आणि शेजाऱ्याची गाय येईल. मग "नवशिक्यांसाठी" असा एक कोपरा सापडला. तिथे गोरगरीब सायकली बसल्या होत्या, आपल्यासारख्या. ॲल्युमिनियमची फ्रेम, साधे ब्रेक, गिअर मोजकेच पण आपल्या चढाला पुरतील असे. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, "अजून पोचलेली नाही, पण छान वाटते." दुसऱ्याने एकच तारा दिला होता, कारण सायकल आल्यापासून बायको बोलत नाही. हे दुसरं वाचून मला खात्री पटली की सायकल उत्तम असणार.

शंका विचारायला तिथे "कामिला" नावाची एक मुलगी लिहून उत्तरं देते. मी आपली रीतीने सुरुवात केली. नमस्कार, कशी आहेस बाई, घरची मंडळी बरी ना, तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो. ती म्हणाली, "तुमचा प्रश्न समजला नाही. ऑर्डरसाठी एक दाबा." मला वाटलं, काही तरी दुखणंखुपणं असेल घरात. मी आईची तब्येत विचारली. पुन्हा तेच. शेवटी यामिलेने सांगितलं की आत्या, ते यंत्र आहे. असेल. पण यंत्राला का होईना, कामाचं बोलण्याआधी दोन शब्द विचारायला नकोत?

पुढचा घोळ पत्त्याचा. त्यांना रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर पाहिजे. आपल्याकडे कुठला नंबर? मी लिहिलं, "देवळाकडून दफनभूमीकडे जाताना, बेकरीनंतरचं दुसरं निळं दार, रुआनेवाल्या एदेल्मिराला विचारा, कुत्रं चावत नाही." कुरिअरवाल्याने सोगामोसोतच हात टेकले आणि खोकं सरळ आपल्या गावच्या बसवर टाकून दिलं. ते टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून, सणाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत आलं. वाजतगाजत म्हणजे ड्रायव्हरने वेशीपासून हॉर्न सोडलाच नाही. मी चौकात पोचेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की एदेल्मिराची सायकल आली.

आणि आपल्या गावात सायकल म्हणजे सगळेच तज्ज्ञ! पार्मेनिओने मटणाच्या सुऱ्याने खोकं फाडलं. एकाने फ्रेम उचलून वजन केलं, दुसऱ्याने चाक कानाशी धरून फिरवलं, बेकरीवाल्या म्हाताऱ्याने चेनचा वास घेतला. हँडल बसवलं, सीट बसवली, आणि सायकल उभी केली. पार्मेनिओने एकदा सायकलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"एदेल्मिरा, ही कुणासाठी गं?"

"माझ्यासाठी."

"मग वर चढायला शिडी पण मागवलीस की नाही?"

तर झालं होतं असं. मापाच्या तक्त्यात किती तरी मापं होती, पण किंमत एकच. आता तूच सांग, त्याच पैशात जास्त सायकल मिळत असेल तर कमी कोण घेईल? शिवाय आपल्या घराचा नियमच आहे, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं. माझा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पांढरा झगा आठवतो ना, देवळात मी तीनदा त्यात पाय अडकून पडले आणि फादरना वाटलं पोर भाविक आहे? तुझे बूट, पुढे कापूस कोंबलेले? तसंच मी मोठं माप घेतलं. पार्मेनिओ म्हणाला, "आयुष्यभर माणसांची मापं घेतेस आणि स्वतःचं माप कळलं नाही?" सगळा चौक हसला. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आता कुठे वाढणार, हे काही मी त्या गर्दीत बोलले नाही.

पण दादा, मी बसले! बेकरीच्या ओट्यावरून बसले. पाय पेडलला जेमतेम लागायचे, तेही आळीपाळीने. आणि उतारावर जी सुटले! रुआना मागे फडफडतो आहे, डोळ्यांतून पाणी, तोंडात किडे, आणि मी मोठमोठ्याने हसते आहे. तू इतकी वर्षं हे एकट्याने खात होतास आणि आम्हाला फक्त "थंडी होती" एवढंच सांगायचास? ब्रेक लागत होते, उत्तम लागत होते, पण थांबल्यावर पाय जमिनीला पोचणार नाहीत हे आठवलं म्हणून मी थांबलेच नाही. शेवटी मेंढ्यांच्या लोकरीचा ढीग दिसला आणि त्यात शिरले. सायकलला ओरखडा नाही. मला आहे, पण तो दिसणाऱ्या जागी नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत मी तिला हाताने ढकलत टेकडीवर नेली. पहिल्या रांगेत. आई पार्मेनिओच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर, फुग्यांच्या मागे, मान ताठ. फादर आनिबाल हल्ली पवित्र पाण्यात हात आखडता घेत नाहीत, त्यांनी झाडाची फांदी बुचकळून अशी झटकली की चेनपर्यंत सगळी सायकल न्हाली. खाली आल्यावर बदलून मिळेल का म्हणून मी कामिलाला विचारलं. ती म्हणाली, वस्तू न वापरलेली असेल तर परत घेऊ. मी विचारलं, बाई, आशीर्वाद दिलेली वस्तू वापरलेली धरतात का? "तुमचा प्रश्न समजला नाही. ऑर्डरसाठी एक दाबा." तेवढ्यात आईने फोन हातातून काढून घेतला. आशीर्वादाची वस्तू परत पाठवणं हे पाप, विकणं तर त्याहून मोठं. विषय संपला.

तेव्हा सायकल स्वयंपाकघरात उभी आहे, आणि माझे पाय काही लांब होत नाहीत. बाकी सर्व क्षेम. यामिलेला गोड पापा. ते पायजमे दोरीवर वाळत घाल.

तुझी धाकटी बहीण,
एदेल्मिरा

ता. क. – तुझे सायकलचे बूट माळ्यावर सापडले. उंदरांनी खाल्लेले नाहीत. पुसून ठेवले आहेत, उगाच.

ता. क. २ – बरं, सांगूनच टाकते. पंचवीस वर्षं मी माणूस दारातून आत येताना बघून त्याचा रुआना विणते, टेप लागत नाही. मला माझी उंची कळत नसेल का? पण तुझ्यासाठी घेतली म्हणाले असते तर तू "माझं वय झालं, परत पाठव" म्हणाला असतास, आणि मग ती परत गेली असती. आता जाऊ शकत नाही, कामिलाला मी मुद्दाम आशीर्वादानंतरच विचारलं. सीटची उंची तुझ्या पायांच्या मापाने लावली आहे, दुखऱ्या गुडघ्याचा विचार करून. पार्मेनिओला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याने चौकात जरा जास्तच नाटक केलं.

ता. क. ३ – आई शेजारी बसून सांगते आहे ते लिहिते. फादरनी आशीर्वाद देताना मालकाचं नाव विचारलं, तेव्हा तिने ट्रकच्या खिडकीतून ओरडून तुझं सांगितलं. म्हणजे वर आता तुझी नोंद झालेली आहे. ती पुढे म्हणते, रविवारी सकाळच्या बसने ये, बटाट्याचं सूप आणि चीज घातलेल्या मक्याच्या भाकरी करते, आणि आला नाहीस तर तिच्याशी नव्हे, कार्मेनमातेशी गाठ आहे.

ता. क. ४ – हे आईला वाचून दाखवलेलं नाही. त्या दिवशी लोकरीच्या ढिगातून बाहेर आले तेव्हाच माझं ठरलं. मी कामिलाकडून आणखी एक मागवली आहे. तिथली सगळ्यात लहान, निळी. गुरुवारी येईल. चढ मला जमेल असं वाटत नाही, पण तू पुढे हो. फक्त दफनभूमीच्या वळणावर थांब, लहानपणी थांबायचास तसा, आणि तेव्हासारखी सगळी पेरूची वडी एकटा संपवू नकोस. अर्धी ठेव. मी येतेच आहे मागून.