नोसाल आडनावाची अट रद्द

मी, तेओफिल नोसाल, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा लाकडी पिंपे बनवण्याचा, राहणार लिपनित्सा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी.

१. माझे सहा वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात अट होती, की माझी दत्तक मुलगी लिडिया हिने लग्नानंतर नोसाल हे नाव सोडल्यास घर माझा भाऊ वालेन्ती याला जावे. "परक्या रक्ताला आपल्या नावाचं काय कौतुक?" असे म्हणून ती त्यानेच सुचवली. लिहिली मात्र मी, म्हणून दोष माझा.

नोसाल म्हणजे नाकाड्या. कुणा खापरपणज्याच्या नाकावरून गावाने पाडलेले नाव. लिडिया सात वर्षांची असताना अनाथाश्रमातून आमच्याकडे आली, आणि शाळेत पोरांनी तिला या नावावरून फार छळले. "बाबा, माझं नाक तर एवढंसं आहे!" म्हणून ती रडायची.

गेल्या सोमवारी तिच्या लग्नाचे कागद भरायला आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. निघण्यापूर्वी ते जुने मृत्युपत्र मी चुलीत घातले. तिचे उत्तर ऐकण्याआधी घातले, याची नोंद असावी.

कारकूनबाईंनी लिडियाला विचारले, "लग्नानंतर आडनाव काय लावणार?"

"नोसाल. आणि मुलांचंही तेच."

"माझी काही हरकत नाही," होणारा जावई दामियान म्हणाला. "मुलं माझ्यावर गेली तर नाव शोभेलसुद्धा."

मला रुमाल काढावा लागला.

२. घर आणि मागची आलुबुखाराची झाडे लिडियाला, विनाअट. उद्या तिने नाव बदलले तरीही.

३. लाकूड तासायचे वाकस, रंधे व पिंपांच्या लोखंडी कड्या दामियानला. धार लावताना घाई करू नये.

४. वालेन्तीला माझा दाढीचा आरसा. घराण्याचे खरे नाक त्याच्याकडे आहे, ते त्याने रोज पाहावे. शिवाय दर हिवाळ्यात लिडियाने त्याला आंबवलेल्या कोबीचे एक पिंप पोहोचवावे. कसाही असला तरी भाऊ आहे.

५. कचेरीच्या पायऱ्यांवर मी लिडियाला विचारले, "अगं, हे ओझं कशाला ठेवलंस?"

ती म्हणाली, "शाळेचा पहिला दिवस आठवतो, बाबा? सुटताना बाई दारातून ओरडल्या, 'नोसाल, तुला न्यायला आलेत!' त्याआधी मला न्यायला कधी कुणी आलंच नव्हतं."

आणखी काही लिहायचे उरलेले नाही. आज झोप चांगली लागेल.

तेओफिल नोसाल (सही)

साक्षीदार : ब्रोनिस्वाव्ह पेन्कसा, शेजारी; हालिना वोयतास, निवृत्त शिक्षिका
लिपनित्सा, १४ सप्टेंबर २०११